ग्रिअर्सनसाहेबांची खतावणी

आपल्याकडे कोणत्याही बोलीवर चार ओळी लिहायच्या म्हटल्या, की एका आयरिश माणसाचे नाव घेतल्यावाचून गत्यंतर नसते. अहिराणी असो, मालवणी असो, वऱ्हाडी असो की कातकऱ्यांची बोली असो, प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात सर जॉर्ज अब्राहम ग्रिअर्सन हजर असतातच. लग्नपत्रिकेवर कुलदैवताचे नाव असावे तसे त्यांचे नाव वर छापले जाते आणि मग मंडळी पुढच्या कामाला लागतात. नाव सर्वांच्या ओळखीचे, माणूस मात्र फारसा कुणाला ठाऊक नाही, अशी त्यांची गत झाली आहे. मी उभी हयात बँकेत खतावण्या तपासण्यात घालवली आणि उरल्यासुरल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. हिशेब आणि माणसे या दोन्हींत मला रस. ग्रिअर्सन यांच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी गच्च भरलेल्या आहेत, म्हणून आज त्यांच्याविषयी.

जॉर्ज ग्रिअर्सन यांचा जन्म ७ जानेवारी १८५१ रोजी डब्लिनजवळ झाला. घराणे छापखानेवाल्यांचे, राजदरबाराची छपाई करण्याचा मान त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होता. म्हणजे अक्षरांचे खिळे आणि शाईचा वास हे त्यांचे बाळकडू. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ते शिकत होते गणित; पण तिथे रॉबर्ट ॲटकिन्सन नावाचे प्राध्यापक भेटले आणि त्यांनी या गणिती मुलाला संस्कृतची आणि हिंदुस्थानीची गोडी लावली. चांगला मास्तर भेटला की मुलाची गाडी कोणत्या रुळावर जाईल, हे सांगता येत नाही. १८७१ साली ग्रिअर्सन आय.सी.एस. परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८७३ साली बंगाल प्रांतात रुजू झाले. त्या वेळी बिहार बंगाल प्रांतातच मोडत असे.

एक गोष्ट इथे नोंदवून ठेवण्याजोगी आहे. ग्रिअर्सन जन्मले तेव्हा आयर्लंडमध्ये बटाट्याचा मोठा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. लक्षावधी माणसे मेली, लक्षावधी देशोधडीला लागली, आणि त्यांत आयरिश भाषा बोलणारा गरीब शेतकरीवर्ग सर्वांत जास्त होता. उरलेल्यांनी पोरांच्या पोटासाठी इंग्रजी धरली. ग्रिअर्सन यांचे घराणे इंग्रजी बोलणाऱ्या प्रतिष्ठितांचे, तेव्हा या ओहोटीची झळ त्यांच्या घराला लागली नसणार. तरीही एका देशाची भाषा दोन पिढ्यांत कशी मागे हटते, याचे उदाहरण त्यांच्या अंगणातच होते.

बिहारमध्ये हा तरुण अधिकारी आला तोही दुष्काळाच्याच तोंडावर. जिल्ह्यात फिरताना त्याच्या लक्षात आले, की सरकारी कचेरीत चालणारी भाषा एक आणि बांधावरच्या माणसाची भाषा दुसरीच आहे. शेतकरी कैफियत मांडतो मैथिलीत किंवा भोजपुरीत, कारकून ती लिहितो भलत्याच भाषेत आणि साहेब त्यावर निकाल देतो तिसऱ्याच भाषेत. मग ग्रिअर्सन यांनी मैथिलीचे व्याकरण लिहिले. १८८३ ते १८८७ या काळात बिहारमधील बोलींची सात व्याकरणे सिद्ध केली. १८८५ साली त्यांचे ‘बिहार पेझंट लाइफ’ हे पुस्तक निघाले. त्यात नांगराच्या प्रत्येक भागाचे नाव आहे, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांपासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून लग्नाच्या विधीपर्यंत खेड्यातल्या प्रत्येक वस्तूला तिथला माणूस काय म्हणतो, ते लिहिलेले आहे. माल मोजून लिहावा तसे शब्द मोजून लिहिले आहेत. मधुबनीच्या लोकांनी साहेबांची परतफेड आपल्या पद्धतीने केली. तिथल्या बाजारपेठेला त्यांचे नाव मिळाले आणि ते लोकांच्या जिभेवर घोळून ‘गिलेशन बाजार’ झाले.

यापुढचा टप्पा १८८६ सालचा. व्हिएन्नात प्राच्यविद्या परिषद भरली होती. हिंदुस्थानातल्या भाषांची पद्धतशीर पाहणी व्हावी असा ठराव तिथे झाला. त्याच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांत मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवून गेलेले ब्यूलर होते. ठराव झाला, पण सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण तेव्हाही खरीच होती. इथे तर सहा महिन्यांऐवजी बारा वर्षे गेली. मधल्या काळात ग्रिअर्सन कलेक्टर झाले, १८९६ साली बिहारच्या अफू खात्याचे एजंटही झाले. ज्या शेतकऱ्याच्या नांगराचे भाग त्यांनी प्रेमाने लिहून घेतले, त्याच शेतकऱ्याकडून सरकारसाठी अफू गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे होते. साम्राज्याचा नोकर आणि भाषेचा अभ्यासक एकाच कोटात वावरत होते, हे विसरून चालणार नाही. अखेर १८९८ साली ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’चे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली.

काम कसे चालले, ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक बोलीचे तीन नमुने मागवायचे असे ठरले. पहिला, बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या दाखल्याचे भाषांतर. बापाची इस्टेट उडवून कंगाल झालेला मुलगा घरी परततो आणि बाप त्याला पोटाशी धरतो, ती ही गोष्ट. तीच का, तर तिच्यात सर्वनामे, विभक्ती आणि काळ बहुतेक सगळे येऊन जातात. हिंदू वाचकाला खटकू नये म्हणून मजकुरात किरकोळ फेरफाराची मुभाही होती. दुसरा नमुना स्थानिक माणसाच्या तोंडची एखादी गोष्ट, गाणे किंवा जबानी. तिसरा, सुमारे अडीचशे ठरावीक शब्द आणि वाक्ये: एक, दोन, तीन, हात, पाय, आई, बाप, पाणी, विस्तव. छापील कागद जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. कलेक्टरने ते मामलेदाराकडे दिले, मामलेदाराने कारकुनाकडे, शाळामास्तराकडे, कुठे पाद्र्याकडे. महिनोन्‌महिने कागद भरून परत येत राहिले.

या पद्धतीत दोष होते आणि ते ग्रिअर्सन यांना चांगले ठाऊक होते. पुष्कळ ठिकाणी माणसांना आपल्या भाषेचे नावच सांगता येत नसे. आपण बोलतो त्याला नाव असते ते दुसऱ्याच्या तोंडी. शेजारचा गाव ते नाव ठेवतो, बहुतेक वेळा चेष्टेने. ज्याच्या हातात लेखणी तो आपल्या कानाने ऐकून लिहिणार, हाही दोष होताच. शिवाय मद्रास इलाखा, म्हैसूर आणि निजामाचे हैदराबाद संस्थान या पाहणीच्या बाहेर राहिले, म्हणजे आजचा आपला मराठवाडाही प्रत्यक्ष पाहणीत आला नाही.

१९०३ साली ग्रिअर्सन सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. पण काम निवृत्त झाले नाही. इंग्लंडमध्ये कँबर्ली नावाच्या गावी त्यांनी घर केले, त्याला डब्लिनजवळच्या ‘रॅथफार्नम’ गावाचे नाव दिले आणि तिथे बसून पुढची पंचवीस वर्षे हिंदुस्थानातल्या बोलींचे कागद तपासले. काही वर्षे त्यांच्या मदतीला स्टेन कोनो हे नॉर्वेचे तरुण पंडित होते. मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला, तो कोनो यांनीच सिद्ध केला होता. त्या खंडात कोकणीला मराठीची बोली मानले आहे. यावरून पुढे गोव्यात आणि महाराष्ट्रात किती शाई आणि किती मनस्ताप खर्ची पडला, ते आपल्या पिढीने पाहिले आहे. १९७५ साली साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ साली ती घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. मैथिलीला ग्रिअर्सन यांनी ‘बिहारी’ या छत्राखाली बसवले होते. तीही २००३ साली त्याच परिशिष्टात स्वतःच्या नावाने दाखल झाली. खतावणीत कोणाचे खाते कोणत्या सदरात उघडले जाते, याला किती महत्त्व असते, हे बँकेतल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

१९२८ साली काम पुरे झाले, तेव्हा ग्रिअर्सन सत्त्याहत्तर वर्षांचे होते. अकरा खंड, एकोणीस भाग. १७९ भाषा आणि ५४४ बोली. बोलणाऱ्यांचे आवाज ग्रामोफोनच्या तबकड्यांवर उतरवण्याचे कामही याच उद्योगातून झाले आणि त्या तबकड्या आज कुणालाही ऐकता येतात. त्याच वर्षी त्यांना ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा मोठा सन्मान मिळाला. मधल्या काळात काश्मिरी भाषेचा कोशही त्यांनी हाती घेतला होता, तो १९३२ साली पूर्ण केला. ९ मार्च १९४१ रोजी कँबर्लीलाच, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

एवढ्यावर हा लेख संपवला असता तरी चालले असते. एका कष्टाळू माणसाचे यशस्वी चरित्र म्हणून ते शोभलेही असते. पण या खतावणीतली एक छोटी नोंद मला गेली कित्येक वर्षे सोडत नाही. १९०६ साली निघालेल्या चौथ्या खंडात मुंडा आणि द्राविडी भाषांचे वर्णन आहे. त्यात कोरकूच्या शेजारी काही पानांत एक लहानशी भाषा येते: नहाली, म्हणजे आज आपण जिला निहाली म्हणतो ती. नमुना आला होता निमाड जिल्ह्यातून. भाषेचे कूळ काही नीट लागत नव्हते. काही शब्द कोरकूचे, काही द्राविडी वळणाचे, काही आर्य भाषांमधले. बँकेत एखाद्या रकमेचा धनी कळेनासा झाला की ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकत असू. निहाली अशीच मुंडा भाषांच्या खंडात टाकली गेली. आणि तिथे एक भाकीतही नोंदवले गेले: ही भाषा मुळात मुंडा कुळातली असावी, मग तिच्यावर द्राविडी छाप पडली, आता आर्य भाषांची पडते आहे, आणि ती पूर्ण आर्य होणे हा केवळ काही काळाचा प्रश्न आहे.

ग्रिअर्सन यांचे एकूण मतही असेच होते. आर्य भाषा आणि रानातल्या माणसाची भाषा समोरासमोर आल्या, की हार दुसरीचीच व्हायची, असे त्यांना वाटे. जणू पाणी उताराकडे वाहते तसा हा सृष्टीचा नियमच.

१९८८-८९ साली माझी बदली बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाखेत झाली होती. शेतमजुरी करणारा एक वयस्क माणूस खिडकीशी आला, दहा-दहाच्या नोटा घेतल्या आणि बोटाला थुंकी लावून मोजू लागला. ‘बिदुम, इरार, मोथ, नालो,’ आणि त्यापुढे ‘पाच, सहा, सात’. मला वाटले, कोरकू असेल. आमचा शिपाई त्याच भागातला. तो म्हणाला, साहेब, हे कोरकू नव्हे, हे निहाल. चार नोटा एका भाषेत आणि उरलेल्या आपल्या भाषेत मोजून तो माणूस रांगेतून बाहेर पडला. बँकेतली गर्दी मोठी, तेव्हा मीही पुढच्या व्हाउचरकडे वळलो. पुढे पुण्यात आल्यावर डेक्कन कॉलेजातल्या अभ्यासकांचे लिखाण वाचनात आले, आणि त्या चार आकड्यांचा अर्थ कळला.

निहालीत खरोखरच चारपर्यंतचेच आकडे जुने उरले आहेत. पाचापासून पुढचे हिंदी-मराठीतून आले आहेत. त्यातही दोन, तीन, चार यांचे नाते द्राविडी भाषांशी दिसते. पण पाण्याला ‘जप्पो’ म्हणणारी, विस्तवाला ‘आपो’ म्हणणारी ही भाषा ना कोरकूची, ना गोंडीची, ना मराठीची. १९६२ साली कायपर या डच पंडिताने तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. निमाडातल्या टेंभी गावी सुधिभूषण भट्टाचार्य यांनी जमवलेल्या सामग्रीचा त्यांना मोठा आधार होता. त्यांच्या हिशेबाने निहालीतले सुमारे चतुर्थांश शब्द असे आहेत, ज्यांचे नातलग जगातल्या कोणत्याही ओळखीच्या भाषेत सापडत नाहीत. हे मुद्दाम केलेले गुप्त बोलणे तर नसेल, अशी शंकाही कायपर यांनी घेतली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या आशा मुंडले यांनी निहालीचा शब्दसंग्रह केला, तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. के. एस. नागराज यांचे निहालीवरचे पुस्तक म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने २०१४ साली काढले. आज अभ्यासक निहालीला कोणत्याही कुळात न बसणारी एकाकी भाषा मानतात. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरची बास्क जशी एकटी, तशी ही आपल्या महाराष्ट्रातली एकटी.

आणि ही भाषा मेलेली नाही. भाकीत होऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी जळगाव जामोद तालुक्यातल्या सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशा गावांत ती बोलली जाते. बोलणारे दोन-अडीच हजार. ते स्वतःला ‘कालटो’ म्हणवतात. ‘निहाल’ हे नाव इतरांनी दिलेले. भाषेला नाव शेजारीच ठेवतो, हे ग्रिअर्सन यांचे निरीक्षण इथेही खरे ठरले. भविष्य मात्र त्या गरीब, भूमिहीन, बहुतेक निरक्षर माणसांनी अद्याप खोटे पाडले आहे. शेतमालकाशी मराठी, शेजाऱ्याशी कोरकू, बाजारात हिंदी आणि चुलीपाशी निहाली, असा चार भाषांचा संसार त्यांनी कोणत्याही शाळेत न जाता चालवला.

पण इथून पुढे काळजी आहे. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी २००३ साली भाषेची प्रकृती तपासण्यासाठी काही कसोट्या ठरवल्या. त्यांतली पहिली अशी, की आईबाप पोरांशी ती बोलतात की नाही. बाकी सगळे त्यानंतर. मोठी भाषा शेजारी आली म्हणून लहान भाषा आपोआप मरत नाही. तसे असते तर निहाली केव्हाच संपली असती. ती मरते ती पोराला शाळेत हसतात म्हणून, बोलीवरून जात ओळखून मजुरी देणारा तुच्छतेने पाहतो म्हणून, आणि आपल्या पोराच्या वाट्याला हे येऊ नये असे आईला वाटते म्हणून. त्या आईला दोष कोण देणार? आपणही तेच करतो. फरक एवढाच, की आपली मराठी बोलणारे कोट्यवधी आहेत आणि तिची भाषा बोलणारे एका मंगल कार्यालयातल्या दोन-तीन पंगतींत मावतील. जानेवारी २०१० मध्ये अंदमानात बोआ सीनियर ही वृद्ध स्त्री वारली आणि ‘अका-बो’ ही भाषा बोलणारे जगात कोणी उरले नाही. अखेरची कित्येक वर्षे तिला तिच्या भाषेत उत्तर देणारे माणूस नव्हते.

सरकारदरबारी निहालीचे काय? ग्रिअर्सन यांनी निदान तिला काही पाने दिली. १९७१ सालापासून आपल्या जनगणनेत दहा हजारांपेक्षा कमी लोक बोलतात अशा भाषांचे आकडे वेगळे छापले जात नाहीत. २०११ च्या जनगणनेत लोकांनी आपल्या मातृभाषेची १९,५६९ नावे सांगितली. छाननी होऊन अहवालात आल्या १२१ भाषा. मधली बाकीची नावे कुठल्या तरी मोठ्या भाषेत मिळवली गेली किंवा ‘इतर’ या सदरात गेली. कोरकू बोलणारे सात लाखांवर, त्यांचे नाव यादीत आहे. दोन-अडीच हजार माणसांचे खाते मात्र ‘इतर’मध्ये. नाही म्हणायला, दहा हजारांखालच्या भाषांचे जतन करण्याची केंद्र सरकारची योजना २०१३ पासून म्हैसूरच्या संस्थेकडे आहे. गणेश देवी यांच्या पुढाकाराने २०१० साली सुरू झालेल्या लोकसर्वेक्षणाने देशभरात ७८० भाषा नोंदवल्या, आणि त्याचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली आपल्या पुण्यातूनच निघाला. ग्रिअर्सन यांचा कागद कलेक्टरकडून खाली जाई. इथे बोलणाऱ्यांनी आणि त्यांच्या जवळच्यांनी स्वतः लिहिले, हा फरक मोठा आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आपण पेढे वाटले. वाटायलाच हवे होते. मात्र त्याच महाराष्ट्रात, पुण्याहून रात्रीच्या गाडीने जाता येईल एवढ्या अंतरावर, मराठीहून जुनी असण्याचा दाट संभव असलेली एक भाषा चार आकड्यांवर येऊन थांबली आहे. ती टिकवायची की नाही, हे ठरवण्याचा हक्क कालटो आईचा आहे. पण तिच्या पोराला अंगणवाडीत दोन शब्द त्याच्या भाषेत ऐकू यावेत, वर्गात त्याच्या बोलण्याला कुणी हसू नये आणि मातृभाषेच्या रकान्यात त्याच्या भाषेचे नाव त्याने सांगितल्याप्रमाणे लिहिले जावे, एवढे आपल्या हातात नक्की आहे. ग्रिअर्सन यांनी कँबर्लीच्या घरात बसून आपल्या बोलींची पंचवीस वर्षे जमा लिहिली. त्यांची बहुतेक भाकिते मी मान देऊन वाचतो. निहालीविषयीचे तेवढे खोटेच राहो.